मंगळवारची शिकवणी

उर्वे आली तेव्हा हातमोजे नवेकोरे होते
आणि डाव्या मनगटात स्टीलची पट्टी.
गेल्या शरदात, दुसऱ्या कुणाच्या तबेल्यात,
दुसऱ्याच घोड्यानं तिला दगडी कुंपणावर टाकलं होतं.
हे तिनं मला सांगितलं तुइस्ककडे बघत,
जणू कबुली त्यानं द्यायची होती.

फेरीच्या धक्क्यावर ती तिकिटं तपासते.
मुख्य भूमीवरून उतरणारे ट्रक
तिच्या एका बोटावर थांबतात.
म्हणाली, घोड्याचा ब्रेक कुठे असतो
तेवढं आधी दाखवा.

पहिला तास मी खोगिराला हात लावू दिला नाही.
खरारा दिला. म्हटलं, मानेपासून सुरू कर,
केस जातात त्या दिशेनं.
तुइस्क मातकट पिवळा, पाठीवरून काळी रेघ,
सारेमाच्या सगळ्या घोड्यांसारखा बुटका, आपल्या मताचा;
जुनिपरच्या झुडपांत अंग घासून घासून
अर्धी शेपूट तिथंच ठेवून आलेला.
पाऊण तास ती एकाच जागी घासत राहिली.
मग त्यानं मान वळवून तिचा खिसा हुंगला,
आत राईच्या पावाचा एक कोपरा होता,
आणि तिचे खांदे दोन बोटं खाली उतरले.
वीस युरो घेताना मला थोडी लाजच वाटली.

तिसऱ्या मंगळवारी ती वर चढली
आणि काय बिनसलंय ते मला दिसलं.
जीव मुठीत धरून बसली होती,
अगदी शब्दशः,
आणि लगामही त्याच मुठीत.
आता घोड्याच्या जिभेवर दुसरं काय पोचणार?
तो बिचारा तिचा अख्खा सप्टेंबर चघळत
रिंगणात तिरका तिरका चालला होता.

"मूठ सैल कर."
"पडेन."
"पडशील. आधी सैल कर."
"हिल्या, तुम्ही धीर देताय की धमकी?"
मलाही नक्की ठाऊक नव्हतं.
म्हटलं, तिकीट धरतेस ना, पावसात भिजलेलं?
फाटू द्यायचं नाही, उडू द्यायचं नाही.
तसं धर.

एप्रिलातला वारा इथं कुणाचं ऐकत नाही.
गवताच्या गठ्ठ्याचं पांढरं प्लास्टिक
फडफडत कुंपणावरून आत आलं
आणि तुइस्क जागच्या जागी आडवा उडाला.
माझ्या तोंडात सगळं तयार होतं,
टाचा खाली, मागे बस, वर बघ,
तीस वर्षांचा साठा.
एक शब्द फुटला नाही.

तिनं श्वास सोडला.
एवढंच.
रिंगणाच्या मधोमध मला ऐकू आला.
हाताचे लगाम चार बोटं पुढे गेले
आणि तो उभा राहिला, चारी पाय चार दिशांना,
एक कान प्लास्टिककडे,
एक मागे, तिच्याकडे, विचारणारा.
ती धक्क्यावरच्या आवाजात त्याला म्हणाली,
"जाऊ दे. रिकामी गाडी आहे ती."

त्यानं जाऊ दिली.

हे मी शिकवलं नव्हतं.

तास संपला. ती उतरली,
पण खोगिराचा पट्टा ढिला केला नाही.
लगाम माझ्यापुढे धरून उभी राहिली.
माझी घोडी गेली त्या हिवाळ्यापासून
मी जमिनीवरूनच शिकवते.
कुणी विचारलंच तर गुडघ्याचं नाव पुढे करते;
गुडघा तसा ठीक आहे.
उर्वेनं विचारलं नाही.
फक्त हात केला,
ट्रकवाल्यांना करते तसा, चला, पुढे घ्या.

रिकिबी मला आखूड होत्या.
एक भोक खाली घेतलं, मग आणखी एक,
मग उगाचच पुन्हा वर.
तुइस्क वाट बघत होता.
त्यानं मान वळवून माझा खिसा हुंगला.
खिशात काही नव्हतं,
मिटलेली मूठ सोडून.